वेळापत्रकातला रिकामा तास

16 जून 2025, सोमवार. शाळा उघडली. पहिलीच्या दारात फुगे, आत रडारड, बाहेर पालकांची गर्दी. दुसऱ्याच दिवशी सरकारचा नवा जीआर निघाला. बुधवारी सकाळी घाटकोपरच्या आमच्या स्टाफरूममध्ये तो प्रत्येकाच्या मोबाईलवर होता, आणि पहिलीचं वेळापत्रक करणाऱ्या बाई हातात पेन्सिल धरून विचारत होत्या, "सर, तिसऱ्या भाषेचे तास टाकू की नको?"

मी माध्यमिकला इतिहास शिकवतो. पहिलीच्या वेळापत्रकाशी माझा संबंध नाही. "पेन्सिलीनंच टाका," एवढंच म्हणालो.

झालं होतं ते असं. 16 एप्रिलला, शाळांत वार्षिक परीक्षा चालू असताना, राज्य सरकारनं मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून हिंदी सक्तीची केली. ओरड झाली. आठवड्याभरात शिक्षणमंत्र्यांनी सक्ती मागे घेतल्याचं सांगितलं. 17 जूनच्या जीआरमध्ये 'अनिवार्य' शब्द गेला आणि 'सर्वसाधारणपणे' हा शब्द आला. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर घ्या, पण त्या इयत्तेतल्या किमान 20 मुलांनी ती मागायला हवी.

आमच्या पहिलीचा पट 17 आहे.

म्हणजे अख्ख्या वर्गानं एकमुखानं गुजराती मागितली असती, तरी ती मिळाली नसती. हा हिशोब टीव्हीवरच्या चर्चांमध्ये मी तरी ऐकला नाही. तिथं अस्मिता होती, राष्ट्र होतं, दिल्ली होती. 17 हा आकडा नव्हता.

"राजकारण शाळेत आणू नका" हे वाक्य त्या महिन्यात पालकसभेतही ऐकलं. ऐकायला बरं वाटतं, पण इतिहासाच्या मास्तरला ते गिळत नाही. आपल्या वर्गात कुठली भाषा बसणार हे राजकारणानंच ठरवलंय, आणि प्रत्येक वेळी ते वाईटच ठरलं असंही नाही. पोर्शनमध्ये नसलेली एक गोष्ट सांगतो. जानेवारी 1954 मध्ये मोरारजी देसाईंच्या मुंबई सरकारनं आदेश काढला, की इंग्रजी माध्यमाच्या वर्गात अँग्लो-इंडियन आणि बिगर-आशियाई वंशाच्या मुलांखेरीज नवीन कुणाला घ्यायचं नाही. देवळालीची बार्न्स शाळा चालवणारी संस्था कोर्टात गेली. आधी उच्च न्यायालयानं आणि मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश बाद केला. मुलाला कुठल्या भाषेत शिकवायचं हे पालकानं ठरवायचं, की सरकारनं, हा वाद आपल्याकडे तेव्हापासूनचा आहे. आज मुलुंडपासून अंधेरीपर्यंत ज्या इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस तुमचा रस्ता अडवतात, त्यांच्यामागे तो निकालही आहे.

मग 2000. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं. मी तेव्हा सातवीत होतो. आमचे सर वर्गात म्हणाले होते की आता मराठी संपली. ते पूर्ण चुकले असं म्हणवत नाही, पण मराठी शाळेतला पट गळाला तो पहिलीत एबीसीडी आली म्हणून नव्हे. पालकांना एक विषय नको होता, अख्खी शाळाच इंग्रजी हवी होती.

हिंदीशी मात्र महाराष्ट्राचं भांडण नव्हतं. मद्रासमध्ये राजाजींनी 1938 मध्ये शाळांत हिंदी सक्तीची केली, लोक तुरुंगात गेले, 1940 मध्ये सक्ती उठली. आपल्याकडे उलट काका कालेलकरांसारखी मराठी माणसं राष्ट्रभाषेच्या प्रचाराला निघाली होती. पाचवीपासून हिंदी आपण मुकाट शिकलो, राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिल्या, सर्टिफिकिटं भिंतीवर लावली. एवढी वर्षं न पेटलेली गोष्ट एका जीआरनं पेटवली, याचं मला जास्त आश्चर्य वाटतं.

उपनगरात तर हे सगळं आणखी विचित्र दिसतं. घाटकोपर महापालिकेत आलं 1950 मध्ये, मुलुंड आणि बोरिवली 1957 मध्ये. गिरण्या, कारखाने, रेल्वे यांच्यामागे माणसं येत गेली आणि आपापली भाषा घेऊन आली. महापालिका आजही आठ माध्यमांत शाळा चालवते, त्यात तमिळ, तेलुगू, कन्नडही आहेत. आमच्या 17 मुलांपैकी चौघांच्या घरी भोजपुरी, दोघांच्या घरी गुजराती. मधल्या सुट्टीत सगळी पोरं हिंदीतच भांडतात, ती त्यांना कुणी शिकवलेली नाही. मग हिंदी शिकायला अडचण काय, असं मला एका नातेवाइकानं विचारलं. बोलायला काहीच नाही. पण सहा वर्षांच्या मुलाला आपण मराठीत 'कवी' दीर्घ लिहायला शिकवणार आणि पुढच्या तासाला हिंदीत 'कवि' ऱ्हस्व. लिपी एकच, म्हणून सोपं जाईल असं ज्यांना वाटलं, त्यांनी पहिलीच्या वह्या तपासलेल्या नसाव्यात. पहिलीच्या बाईंना विचारलं असतं तर त्यांनी हे पाच मिनिटांत सांगितलं असतं. बाजूनं बोलणाऱ्यांनी विचारलं नाही. विरोधात बोलणाऱ्यांनीही नाही.

29 जूनला, रविवारी, दोन्ही जीआर रद्द झाले. डॉ. नरेंद्र जाधवांची समिती नेमली गेली. 5 जुलैला वरळीत ठाकरे बंधू सुमारे वीस वर्षांनी एका व्यासपीठावर आले, आणि दहावीच्या पोरांनी मला रील्स पाठवल्या. एकानं विचारलं, "सर, आपण जिंकलो ना?"

मी त्याला मे महिन्याबद्दल सांगितलं. सुट्टीत आम्ही शिक्षक टेकडीवरच्या वस्त्यांमध्ये दारोदार फिरतो, पहिलीला मूल द्या म्हणून. पट घसरला की संचमान्यतेत पद जातं, पद गेलं की दोन इयत्ता एका खोलीत बसतात, ते बघून पालक आणखी मुलं काढतात. या वर्षी एका आईनं दार उघडून शांतपणे विचारलं, "तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत, सर?" माझी मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मी तिला खरं सांगितलं. तिनं पाणी दिलं, मूल दिलं नाही. आमच्याबरोबर त्या चढणीवर कुठल्याही पक्षाचा झेंडा नव्हता.

पोरगा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "पुढच्या मे महिन्यात मी येऊ?"

जीआर रद्द झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी, बाईंनी खोडरबर घेऊन पहिलीच्या वेळापत्रकातले ते तास पुसले होते. कागदावर करड्या चौकोनांचे डाग राहिले. त्यांवर काय लिहायचं हे ठरत नव्हतं. शेवटी त्यांनी 'गोष्ट' असं लिहिलं, या वेळी पेनानं.