यंत्राच्या गळ्यांतील विरह

विरहाचें गाणें मनुष्याच्या कंठांतूनच शोभतें, ही समजूत फार जुनी आहे. आवाज किंचित् कांपला, एखादा स्वर जागचा ढळला, तर श्रोत्याला त्यांतच दुःखाची साक्ष पटते. परंतु १९९८ सालीं लंडनमध्यें संगणक व सिंथेसायझर यांच्या साहाय्यानें तयार झालेल्या एका गाण्यानें या समजुतीस चांगलाच धक्का दिला. 'बिलीव्ह' हें तें गाणें, आणि अमेरिकेची शेर ही त्याची गायिका.

शेर त्या वेळीं ५२ वर्षांची होती. वॉर्नर कंपनीचे इंग्लंडमधील प्रमुख रॉब डिकिन्स यांनीं तिला नृत्यसंगीताकडे वळण्याचा आग्रह केला. या गाण्याचा कच्चा आराखडा बरेच दिवस पडून होता. ध्रुवपद सर्वांस आवडे, पण बाकीचा भाग कोणालाच रुचेना. पुन्हां पुन्हां लिहितां लिहितां रचनाकार म्हणून त्यावर सहा नांवें लागलीं. दुसरें कडवेंहि पहिल्यासारखेंच रडवें असूं नये, असें शेरला वाटलें. त्यांत सावरलेल्या मनाचे शब्द आपणच घातले, असें ती सांगते. प्रीति संपली, तरी जगावयाचें आहे, हा त्या गाण्याचा भाव.

मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग हे त्याचे निर्माते. त्यांच्या हातीं एक नवें साधन आलें होतें. तेलाच्या शोधासाठीं भूगर्भांतून परत येणाऱ्या लहरींचें गणित करणारे अँडी हिल्डेब्रँड यांनीं तसलेंच गणित मनुष्याच्या आवाजाला लावून १९९७ सालीं 'ऑटोट्यून' ही आज्ञावली बाजारांत आणली. बेसूर लागलेला स्वर हलकेच शुद्ध जागीं बसवावा, आणि तें कोणाच्या ध्यानींहि येऊं नये, हा तिचा हेतु. स्वर जागेवर येण्यास किती अवधि द्यावा, हें ठरविण्याची तींत सोय असते. हा अवधि शून्यावर आणला, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याची वाटच नाहींशी होते. गवयांच्या भाषेंत सांगावयाचें, तर मींड कापली जाते.

टेलरनें नेमकें हेंच केलें. कडव्यांतील कांहीं शब्दांपुरता शेरचा आवाज एकाएकीं तुटक उड्या मारूं लागला. तें तिला ऐकविण्याची त्याला धास्ती वाटत होती. पण ती उलट खूष झाली, आणि कंपनीनें तो प्रकार काढून टाकण्यास सुचविलें, तेव्हां तिनें साफ नकार दिला. पुढें फेब्रुवारी १९९९ च्या 'साउंड ऑन साउंड' मासिकांत या परिणामाचें श्रेय निराळ्याच यंत्राला दिलें गेलें. खरें साधन मागाहून उघड झालें.

मराठी रसिकांना हा प्रश्न अगदींच परका नाहीं. पेटीच्या ठराविक पट्ट्यांतून मींड निघत नाहीं, म्हणून १९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें तिला दूर सारलें, आणि १९७१ पर्यंत ती बंदी सैल झाली नाहीं. मींड नाहीं तेथें भाव कोठून येणार, हा त्यामागील विचार. 'बिलीव्ह'मध्यें मात्र ती उणीवच भाव होऊन बसली. जेथें कंठ दाटून यावा, तेथेंच स्वर ताठ आणि कोरडा होतो. आपण सावरलों असें निक्षून सांगणाऱ्या मनाचा अवघडलेपणा त्यांतून कानीं पडतो.

हें गाणें इंग्लंडांत सात आठवडे व अमेरिकेंत चार आठवडे अग्रस्थानीं राहिलें, आणि २००० सालीं त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळालें. पुढें आईचा मृत्यु आणि मोडलेला वाङ्‌निश्चय या दोन दुःखांनंतर कान्ये वेस्ट यानें २००८ सालीं '८०८ज अँड हार्टब्रेक' हा गीतसंग्रह काढला, तोहि याच आज्ञावलीच्या आधारानें गाऊन. दोष लपविण्यासाठीं निघालेल्या साधनाकडे गायक दहा वर्षांत दुःख बोलून दाखविण्यासाठीं येऊं लागले होते.