छपरावरची पेटी: भारतातील सामुदायिक वाय-फायचा एक दुर्लक्षित अध्याय

जानेवारी 2005 मध्ये केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झ पट्ट्याचा घराबाहेरील वापर परवानामुक्त केला. प्रक्षेपकाची शक्ती 1 वॅट आणि अँटेनासह परिणामी प्रारण 4 वॅट एवढ्या मर्यादेत राहून कोणालाही छपरावर अँटेना उभारून पलीकडच्या गावाशी संपर्क साधता येऊ लागला. या निर्णयाची चर्चा होते ती दळणवळणाच्या स्वातंत्र्याच्या अंगाने, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच निर्णयाने एक क्षुल्लक भासणारा प्रश्नही उभा केला. टेबलावर ठेवण्यासाठी घडवलेले यंत्र भारतीय पावसाळ्यात उघड्यावर कशात ठेवायचे?

वाय-फायला दूरवर नेण्याचे प्रयोग त्याआधीच सुरू झाले होते. आयआयटी कानपूरच्या भास्करन रामन, प्रवीण भागवत आदी संशोधकांनी ‘डिजिटल गँजेटिक प्लेन्स’ या प्रकल्पात गंगेच्या सपाट खोऱ्यात कित्येक किलोमीटर लांबीचे दुवे उभारले. तेथे ध्यानात आलेली गोष्ट अशी की, रेडिओ स्वस्त आणि मनोरा महाग. हिमाचलातील धरमशाला येथे प्रश्न निराळा होता. परवानामुक्तीनंतर अवघ्या काही आठवड्यांत, फेब्रुवारी 2005 मध्ये, इस्रायली अभियंता याहेल बेन-डेव्हिड आणि निर्वासित तिबेटी समाजातील तंत्रज्ञांनी तेथे सामुदायिक जाळे उभे केले. पुढे ते ‘एअरजल्दी’ या नावाने ओळखले गेले. डोंगर आणि देवदार दृष्टिरेषा अडवीत, म्हणून एका छपरावरून दुसऱ्या छपरावर संदेश पुढे देणारी जाळीदार रचना स्वीकारली गेली. तिच्यासाठी शंभरावर घरगुती राउटर बदल करून वापरण्यात आले. हिमाचलातील सर्वाधिक पावसाच्या गावांपैकी एक असलेले ते ठिकाण. शिवाय माकडे अँटेनांना झोके घेत, तो ताप वेगळाच.

राउटर खाली घरात ठेवून केवळ अँटेना वर न्यावी, हा सोपा मार्ग भौतिकशास्त्राने बंद केला होता. 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी बारीक कोअॅक्स केबलमधून जाताना दर मीटरला सुमारे 1 डेसिबेल गमावतात. केबल दहा मीटरची असेल, तर दहातले नऊ भाग वाटेतच संपतात. उलट इथरनेटच्या केबलला शंभर मीटरपर्यंत अडचण नसते, आणि तीच केबल वीजही वर नेऊ शकते. म्हणून राउटर अँटेनाशेजारी, उन्हापावसात गेला. पेटी अपरिहार्य झाली.

ती कशाची असावी? धातूची पेटी मजबूत असते, उष्णताही बाहेर टाकते. मात्र या वारंवारतेला अॅल्युमिनियममध्ये लहर दोन मायक्रोमीटरही शिरू शकत नाही, म्हणजे अँटेना बाहेर काढणे भाग. प्लॅस्टिकमधून लहर सहज पार होते, परंतु साधे प्लॅस्टिक दोन-चार उन्हाळ्यांत पिवळे पडते, ठिसूळ होते आणि स्क्रूपाशी तडकते. वीजकामाच्या दुकानात मिळणारा जंक्शन बॉक्स, झाकणाचा स्वयंपाकघरातला डबा, परदेशातून मागवलेली धातूची पेटी असे पर्याय समोर होते. किमतीतील तफावत इतकी की, पुष्कळदा पेटी आतल्या राउटरपेक्षा महाग पडे.

उन्हाचा हिशेब तर नवख्याला चकवणारा आहे. राउटर स्वतः पाच ते दहा वॅट उष्णता निर्माण करतो. भर दुपारी 20 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनी झाकणावर 40 वॅटपर्यंत ऊन पडते. अर्थात पेटी तापवणारा खरा धनी सूर्य आहे. म्हणून आत पंखा बसवण्यापेक्षा बाहेरून पांढरा रंग देणे आणि वर दोन बोटे अंतर सोडून पत्र्याचे छोटे छप्पर बांधणे अधिक फलदायी. हे दोन्ही गावातल्या गावात होते.

पाण्याची गोष्ट मात्र अधिक खोल आहे. पेटीच्या दर्जासाठी ‘आयपी’ अंकांची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. त्यातील 67 म्हणजे धूळ शिरत नाही आणि पेटी एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडवली तरी चालते. हा शिक्का पाहून खरेदी करणारा निर्धास्त होतो. परंतु या बुडवण्याच्या चाचणीत पेटी आणि पाणी यांच्या तापमानात पाच अंशांहून अधिक फरक नसावा, असा दंडक आहे. छपरावरचे वास्तव तसे नसते. दुपारी पेटीतील हवा 65 अंशांपर्यंत तापते, प्रसरण पावते आणि सूक्ष्म फटींतून थोडी बाहेर पडते. मग एकाएकी सर कोसळते. पेटी 25 अंशांवर उतरली की आतला दाब सुमारे 12 टक्क्यांनी घटतो. तो फरक 1.2 मीटर उंचीच्या पाण्याच्या दाबाएवढा असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी रबरी कडेवर पाणी साचलेले असते. पेटी ते अक्षरशः ओढून घेते.

पाऊस नसतानाही सुटका नाही. दोन लिटरच्या पेटीत 30 अंशांची संपृक्त हवा रात्री 20 अंशांवर आली, तर साधारण 25 मिलिग्रॅम पाणी, म्हणजे जेमतेम अर्धा थेंब, भिंतीवर जमतो. एका रात्रीत काहीच बिघडत नाही. पण केबलच्या आवरणातून, ग्लँडमधून पेटी रोज श्वास घेते, आणि पूर्ण बंद पेटीत आलेले पाणी बाहेर पडायला वाट नसते. पाणी कुठे मुरते आहे हे कळेपर्यंत तांब्यावर हिरवा थर चढलेला असतो.

यावरचा उपाय प्रथमदर्शनी वेडेपणाचा वाटतो: पेटीच्या तळाला छिद्र पाडणे. त्यावर मुंग्या रोखणारी बारीक जाळी, सर्व केबलींचा प्रवेश खालून, आणि प्रत्येक केबलीला प्रवेशाआधी एक खोलगट वळण, म्हणजे ओघळ तेथूनच गळून जातो. शिक्क्याच्या दृष्टीने ही पेटी हलक्या दर्जाची. छपरावर मात्र ती अधिक टिकते. महाग कारखानदारी पेट्यांत हेच काम सूक्ष्मछिद्री टेफ्लॉनचा पडदा करतो.

टिकणे म्हणजे तरी काय, हा प्रश्न तामिळनाडूतील थेनी येथे अधिक धारदार झाला. तेथे अरविंद नेत्र रुग्णालयाने ग्रामीण दृष्टिकेंद्रे लांब पल्ल्याच्या वाय-फायने जोडली होती. खेड्यातील रुग्णाचे डोळे शहरातील डॉक्टर पडद्यावर पाहत. दुवा तुटला की त्या दिवशीचे रुग्ण खोळंबत. बर्कली विद्यापीठातील सोनेश सुराणा, रबिन पात्रा, एरिक ब्रूअर आणि सहकाऱ्यांनी बेन-डेव्हिड यांच्यासह 2008 मध्ये थेनी व धरमशाला या दोन्ही जाळ्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. वजनाला हलक्या जलरोधक पेट्या अँटेनाजवळ बसवूनही बहुतेक बिघाड झाले ते विजेच्या खराब दर्जामुळे. तज्ज्ञ दूर असताना स्थानिक कर्मचाऱ्याला बिघाड ओळखता व सुधारता आला पाहिजे, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. पेटीच्या निवडीला हे थेट लागू पडते. सिलिकॉनने चहूबाजूंनी लिंपलेली पेटी पावसाला दाद देत नाही खरी, पण मनोऱ्यावर एका हाताने लोंबकळणाऱ्या माणसालाही देत नाही. साध्या पेचकसाने उघडणारी, सुटे भाग तालुक्याच्या दुकानात मिळणारी पेटी थोडी कमी जलरोधक असली तरी श्रेयस्करच म्हटली पाहिजे.

त्याच 2008 च्या सुमारास रेडिओ आणि अँटेना एकाच प्लॅस्टिकच्या कवचात बसवलेली तयार उपकरणे स्वस्तात मिळू लागली आणि घरगुती राउटर डब्यात घालण्याची कारागिरी मागे पडली. पुढे पालघर जिल्ह्यात आयआयटी मुंबईच्या ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाने टीव्हीच्या रिकाम्या वारंवारतांवर गावे जोडली. 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झचा पट्टाही घराबाहेर खुला झाला. वरची पेटी आता कारखान्यातून येते. खालची मात्र अजूनही ज्याने-त्यानेच निवडायची असते, कारण तिच्यात बॅटरी असते. शिसे-आम्लाची बॅटरी भारित होताना हायड्रोजन सोडते आणि हवेत त्याचे प्रमाण 4 टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून ही पेटी वरच्या कडेला झरोके ठेवूनच बांधावी लागते, आणि तिच्यात राउटर कधीही ठेवत नाहीत. आम्लाची वाफ त्याचे तांबे खाऊन टाकते.