तळहातांचा घाम आणि नळाचे पाणी

तळहाताला घाम येतो म्हणजे माणूस घाबरला, असे आपण धरूनच चालतो. दहावीच्या पेपरला मनगटाखाली रुमाल घेऊन बसलेल्या मुलाला पर्यवेक्षक ‘घाबरू नकोस रे’ म्हणून जातात, आणि त्याची शाई फुटतच राहते. तबल्याच्या क्लासमध्ये पावडर सगळेच लावतात, याच्या हातावर तिचा चिखल होतो. पुढे हिंजवडीत नोकरी लागली की कुणाशी हात मिळवण्याआधी तो पँटला पुसायची सवय जडते, आणि बोटाच्या ठशाच्या यंत्रापुढे मागची रांग खोळंबते. यात भीतीचा भाग थोडाच असतो. हा त्रास बहुधा लहानपणी किंवा वयात येताना सुरू होतो, पुष्कळदा घरात आणखी कुणाला तरी असतो, आणि झोप लागली की थांबतो. घर्मग्रंथी धडधाकट असतात; त्यांना हुकूम देणाऱ्या स्वायत्त मज्जातंतूंचा जोर वाजवीपेक्षा जास्त असतो.

घरोघरी यावर तुरटी, चंदन, मुलतानी माती चालते. त्यातली तुरटी अगदीच वाया जात नाही. त्वचारोगतज्ज्ञ जे ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रावण देतात, ते त्याच धातूचे क्षार. पण तळहाताची कातडी जाड, तिथे लेप बऱ्याचदा कमी पडतो. अशा वेळी कामी येणारा एक इलाज पाण्याच्या दोन ट्रेंमध्ये आहे. हात पाण्यात बुडवायचे आणि पाण्यातून सौम्य वीज जाऊ द्यायची. वैद्यक त्याला आयन्टोफोरेसिस म्हणते. त्याची कुळी पाहिली तर ती औषधापासून सुरू होते आणि औषध गळून गेल्यावर फळाला येते.

1740च्या दशकात व्हेनिसच्या जोव्हान्नी पिवाती यांनी दावा केला की काचेच्या नळीत औषध बंद करून नळी घासून विद्युतभारित केली, तर औषधाचा गुण काचेतून रोग्याच्या अंगात उतरतो. युरोपभर खळबळ उडाली. फ्रान्सचे आबे नोले 1749 साली स्वतः इटलीत गेले, प्रयोग समोर करून पाहिले, आणि दावा कोसळला. पिवातींचे चुकलेच होते, पण विजेच्या बळावर औषध कातडीच्या आत नेता येईल ही आस मागे राहिली. तिला खरे साधन मिळाले 1800 साली, व्होल्टांची विजेरी आली तेव्हा. घासून मिळणारी वीज ठिणगीपुरती असते. विजेरीतून प्रवाह एकाच दिशेने सलग वाहतो. या इलाजाला तोच लागतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नांत शहरातल्या स्तेफान लदुक यांनी ही गोष्ट निर्विवाद करून दाखवली. त्यांचा प्रयोग वाचताना आजही अंगावर काटा येतो. दोन ससे एकाच विद्युतमंडलात जोडले. एकाच्या अंगावर धन टोकाला स्ट्रिक्नीनच्या द्रावणात भिजवलेली पट्टी, दुसऱ्याच्या अंगावर ऋण टोकाला पोटॅशियम सायनाइडची. प्रवाह सोडताच पहिल्याला स्ट्रिक्नीनचे झटके आले, दुसरा सायनाइडने गेला. मग टोके उलटी केली. तीच विषे, तसेच ससे, तेवढीच वीज; पण दोघांनाही काही झाले नाही. सारखे भार एकमेकांना दूर ढकलतात. स्ट्रिक्नीनचा धनभारित कण धन टोकापासून आत लोटला जातो, सायनाइडचा ऋणभारित कण ऋण टोकापासून. टोक उलटे लावले, तर विष पट्टीतच राहते.

यानंतर डॉक्टरांनी जे जे भारित होते ते ते कातडीतून आत ढकलून पाहिले. 1936 साली इचिहाशी या जपानी संशोधकाने हा मार्ग घामाकडे वळवला. वेगवेगळी द्रव्ये विजेने तळहातात उतरवली की तेवढ्या भागाचा घाम आटतो, हे त्यांनी नोंदवले. 1952 साली बाउमन आणि लेंट्झर यांनी शंभराहून अधिक रुग्णांच्या हातापायांवर सलग प्रवाहाचे उपचार केल्याचे प्रसिद्ध केले. आणि हळूहळू लक्षात आले की औषध नसले तरी चालते, साधे नळाचे पाणी पुरते. माझ्या मते या कुळकथेतला सर्वांत मोठा क्षण तो. सुमारे दोनशे वर्षे वीज हमाल आणि औषध माल, असे मानले गेले होते. इथे हमालानेच काम केले. 1968 साली अमेरिकेतले डॉ. फ्रेड लेव्हिट यांनी यासाठी एका साध्या उपकरणाचे वर्णन छापले, आणि 1980च्या दशकात घरी वापरायची यंत्रे तिकडे विकायला आली.

घाम नेमका थांबतो कसा, यावर पुष्कळ काळ एकच उत्तर दिले जाई: घामाच्या नळीच्या तोंडाशी बूच बसते. 1981 साली उपचार घेतलेल्या तळहातांची कातडी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा बूच काही सापडले नाही. 1993 साली केन्झो सातो आणि सहकाऱ्यांनी दुसरा धागा पुढे आणला. धन टोकाशी पाण्याचे विघटन होऊन आम्ल तयार होते, ते घामाच्या नळीतून आत शिरते आणि ग्रंथीचे काम मंदावते. धन टोकाकडच्या हाताला गुण आधी येतो, याचा मेळ त्याने बसतो. शेवटचा निकाल अजून लागलेला नाही. याच विजेने घाम आणताही येतो, हेही सांगायला हवे: 1959 साली गिब्सन आणि कुक यांनी पिलोकार्पिन हे द्रव्य विजेने कातडीत उतरवून बाळाच्या हाताला घाम आणला आणि त्यातले क्षार मोजून सिस्टिक फायब्रोसिस ओळखण्याची चाचणी बसवली. ती आजही प्रमाण मानतात.

आता प्रत्यक्ष ट्रेपाशी येऊ. तळाशी धातूची पट्टी, तिच्यावर जाळी किंवा टॉवेल, म्हणजे हात धातूला टेकत नाही. पाणी तळहात बुडेल इतकेच. अंगठी, बांगडी, घड्याळ काढलेले. नखाशेजारी चीर असेल तर तिथे व्हॅसलीन, नाहीतर वीज तेवढ्याच जागी गोळा होऊन चटका देते. मग बटण सावकाश फिरवायचे. आधी काहीच नाही, नंतर पाण्याच्या रेषेवर, मनगटाभोवती मुंग्यांची ओळ चालल्यासारखे वाटते. 15 ते 20 मिलिअँपिअर साधारण पुरतात. वीसेक मिनिटे, मध्यात दिशा उलटी, तीही प्रवाह शून्यावर आणून. चालू प्रवाहात हात उचलला तर झटका बसतो. आठवड्यातून तीन-चार वेळा असे दोन-तीन आठवडे केले की बहुतेकांचे हात कोरडे होऊ लागतात. पुढे आठवड्याला एखादी बैठक ठेवावी लागते, कारण सोडले की घाम परत येतो.

पाणी कोणते, हा पुण्यात विचारण्याजोगा प्रश्न आहे. महापालिकेचे नळाचे पाणी चालते. आरओचे मात्र नको. क्षार काढून टाकल्यामुळे त्यातून प्रवाह नीट जात नाही, मग चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा लागतो. बोअरच्या पाण्यात क्षार जास्त, त्यामुळे बटण तितकेच फिरवूनही प्रवाह अधिक वाहतो. आकडा मीटरवर पाहावा, बटणावर नव्हे.

हे सगळे इतके सोपे दिसते की बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत जाऊन ॲडॉप्टर, वायर आणि दोन स्टीलचे डबे घेऊन घरीच जोडावे, असे इंजिनिअरिंगच्या मुलांना वाटल्यावाचून राहत नाही. कृपा करून ते करू नका. दोन्ही हात पाण्यात असताना वीज एका हातातून दुसऱ्या हातात छातीवरून जाते, आणि भिजलेली कातडी तिला फारशी अडवत नाही. स्वस्त ॲडॉप्टरच्या आतले आवरण फाटले, तर 230 व्होल्ट थेट ट्रेमध्ये उतरतात. पेसमेकर, हृदयाच्या ठोक्यांचा विकार, फिट्स, हातात किंवा प्रवाहाच्या वाटेवर धातूची पट्टी किंवा रॉड, गरोदरपण, यांपैकी काही असेल तर हा इलाज यंत्र चांगले असले तरी वर्ज्य.

फिजिओथेरपीच्या अभ्यासक्रमात आयन्टोफोरेसिस शिकवतात. सलग प्रवाह देणारे यंत्र कित्येक विभागांत असते. कमी पडते ती विचारणा. मुले वर्षानुवर्षे रुमाल पिळतात, पण डॉक्टरांना सांगत नाहीत, आणि कुणी शस्त्रक्रियेने मज्जातंतू तोडून घेण्यापर्यंत जातात. त्यानंतर पाठीला, पोटाला भरून येणारा घाम हा त्या शस्त्रक्रियेचा सर्वपरिचित दुष्परिणाम आहे. घरात असे हात असतील, तर त्या मुलाला ‘घाबरू नकोस’ म्हणण्याऐवजी त्वचारोगतज्ज्ञांकडे घेऊन जा, पहिल्या काही बैठका त्यांच्या नजरेखाली करा, आणि घरी करायचे असेल तर वैद्यकीय वापरासाठी बनवलेले यंत्रच घ्या.