वेष आणि वाद

इतिहास उभा करायचा म्हणजे नेमके काय उभे करायचे, हा प्रश्न आपल्या चळवळीने स्वतःला विचारण्याची वेळ आली आहे. जयंतीच्या मिरवणुकीत चित्ररथ निघतात. एखाद्या मुलाला निळा कोट आणि चष्मा चढवलेला असतो, हाती ग्रंथ असतो. शेजारी पुठ्ठ्याचे चवदार तळे असते. लोक हात जोडतात आणि रथ पुढे सरकतो. ही श्रद्धा खोटी नाही. पण त्या रथावर बाबासाहेबांना बोलायला जागा नसते. ज्या माणसाने आयुष्यभर युक्तिवाद केला, त्याला आपण मुका करून मिरवतो.

मी पदवीच्या वर्गाला इंग्लंडचा इतिहास शिकवतो. इंग्लंड पाहिलेले नाही. पण तिथल्या दोन चर्चची हकीकत या प्रश्नावर प्रकाश टाकणारी आहे, म्हणून ती येथे मांडतो.

इंग्लंडमध्ये जुन्या लढाया पुन्हा 'लढण्याची' मोठी हौस आहे. सतराव्या शतकातील यादवी युद्धाच्या अशा प्रयोगांसाठी १९६८ साली 'सील्ड नॉट' नावाची संस्था निघाली. हौशी लोक त्या काळचे कपडे शिवून घेतात, भाले आणि बंदुका घेऊन मैदानात उतरतात. याला तिकडे 'जिवंत इतिहास' म्हणतात. गावातले पॅरिश चर्च अशा प्रयोगांना सोयीचे. पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालचा मुलूख. तिथले चर्च हे केवळ देऊळ नव्हते, ती चावडीही होती. जन्ममृत्यूच्या नोंदी तिथेच होत, आणि १६०१ च्या कायद्याने गरिबांना मदत देण्याचे कामही पॅरिशकडेच होते. बसण्याची जागासुद्धा पुष्कळ ठिकाणी प्रतिष्ठेनुसार ठरे. पुढे कोण, मागे कोण हे सर्वांना ठाऊक असे. आपल्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

अशा एका चर्चमध्ये २८ ऑक्टोबर १६४७ रोजी एक विलक्षण सभा भरली. लंडनजवळ थेम्स नदीच्या काठी तेव्हा पटनी नावाचे गाव होते, तिथले हे सेंट मेरी चर्च. राजाचा पराभव झाला होता. आता राज्य कसे चालवायचे? पलटणींनी निवडून दिलेले साधे शिपाई सेनापतींच्या समोर बसले आणि त्यांनी उत्तर मागितले. अध्यक्षस्थानी क्रॉमवेल होता. दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका अधिकाऱ्याच्या बिऱ्हाडी चर्चा पुढे चालली आणि मूळ मुद्द्याला हात घातला गेला : मत कोणाला?

कर्नल रेन्सबरोचे म्हणणे असे की इंग्लंडमधल्या सर्वांत गरीब माणसालाही जगायचे आयुष्य आहे. ज्या सत्तेखाली त्याला राहायचे आहे तिला त्याची संमती हवी. आयर्टन हा क्रॉमवेलचा जावई. तो म्हणाला, ज्याची या देशात कायमची मालमत्ता आहे त्यालाच मत असावे. निसर्गदत्त हक्काच्या नावाने सर्वांना मत दिले, तर उद्या त्याच हक्काने दुसऱ्याची जमीनही मागतील. सेक्सबी या शिपायाने सवाल केला, आम्ही जीव धोक्यात घातला तो कशासाठी? मालमत्ता नाही म्हणून हक्कच नसेल, तर आम्ही भाडोत्री सैनिक होतो काय?

क्लार्क नावाच्या कारकुनाने हे लघुलिपीत टिपले. ते कागद पुढे ऑक्सफर्डच्या वूस्टर कॉलेजमध्ये पडून राहिले आणि १८९१ साली छापले गेले. म्हणजे गरिबाच्या बाजूने झालेले ते भाषण सुमारे अडीचशे वर्षे बासनात होते. चर्चही जसेच्या तसे राहिले नाही. एकोणिसाव्या शतकात त्याचा मोठा भाग नव्याने बांधला गेला. १९७३ साली ते आगीत जळाले आणि १९८२ साली पुन्हा उघडले. आज तिथे या वादाचे कायम प्रदर्शन आहे. जुना मनोरा शिल्लक आहे, पण १६४७ चे खरे अवशेष म्हणजे ते शब्द. कॅरिल चर्चिल या नाटककर्तीने १९७६ साली आपल्या नाटकात हाच वाद मूळ नोंदींच्या आधारे रंगभूमीवर आणला.

दुसरे चर्च बर्फर्डचे. रेन्सबरोच्या बाजूच्या लोकांना विरोधक 'लेव्हलर्स', म्हणजे सगळे सपाट करू पाहणारे, असे हिणवत. मे १६४९ मध्ये त्यांच्या विचाराच्या पलटणींनी बंड केले. थकलेला पगार द्या आणि आम्हांला आयर्लंडच्या मोहिमेवर पाठवू नका, असे त्यांचे म्हणणे होते. क्रॉमवेलने रात्री छापा घातला आणि सुमारे ३४० शिपायांना बर्फर्डच्या चर्चमध्ये कोंडले. १७ मे रोजी थॉम्पसन, पर्किन्स आणि चर्च या तिघांना चर्चच्या आवारात गोळ्या घातल्या. बाकीच्यांना ते पाहायला लावले. अँथनी सेडली नावाच्या एका कैद्याने बाप्तिस्म्याच्या पात्रावर आपले नाव, साल आणि 'कैदी' हा शब्द कोरून ठेवला. तो आजही तिथे आहे. १९७५ पासून तिथे दरवर्षी मे महिन्यात लेव्हलर्स दिन होतो. तो कामगार-शिक्षणाचे काम करणाऱ्यांनी सुरू केला. काहीजण जुना वेष करून मिरवणुकीत चालतात. पण दिवसाचा गाभा भाषणे आणि चर्चा हाच असतो. वेष आहे, पण वाद हद्दपार झालेला नाही.

मात्र या वादालाही कुंपण होते, आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. पटनीला पेटी नावाच्या लेव्हलरनेच कबूल केले की चाकर आणि भिक्षेवर जगणारे यांना मत नसावे, कारण ते मालकाच्या मर्जीबाहेर जाऊ शकत नाहीत. माझे आजोबा सालदार होते. म्हणजे समतेचा झेंडा घेतलेल्या त्या सभेतही त्यांना मत मिळाले नसते. ते त्यांना मिळाले १९५२ साली, आपल्या राज्यघटनेने. स्त्रियांचा तर प्रश्नच निघाला नाही. १६४९ साली लेव्हलर स्त्रिया अर्ज घेऊन पार्लमेंटच्या दारी गेल्या, तेव्हा त्यांना घरी जाऊन भांडी घासायला सांगण्यात आले.

गेल्या वर्षी मी हा वाद वर्गात भूमिका वाटून वाचायला दिला. रेन्सबरो व्हायला अकरा हात वर झाले, आयर्टन व्हायला एकही नाही. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, यात माझं काम कोणतं?" मी तिला सांगितले, हा प्रश्न वाद चालू असताना मध्येच उठून विचारायचा, हेच तुझे काम. आयर्टन मात्र वर्गातल्या सर्वांत हुशार मुलाला सक्तीने दिला. कारण आयर्टन दुबळा केला की रेन्सबरोचा विजय फुकटचा ठरतो.

आणि आयर्टन मेलेला नाही. मालमत्तेवर बेतलेला मताधिकार इंग्रजांनी आपल्याकडेही आणला. १९१९ साली साउथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मताधिकाराची अट खाली आणा, असा आग्रह धरला. १९२९ साली सायमन कमिशनच्या वेळी मुंबई प्रांतिक समितीत स्वतंत्र अहवाल लिहून त्यांनी सर्व प्रौढांना मत मागितले. पटनीच्या प्रश्नाला इतके स्वच्छ उत्तर आपल्या माणसाने दिले, हे आपल्या किती विद्यार्थ्यांना सांगता येईल?

वाद उभा करण्याची कला आपल्याला परकी नाही. जोतीरावांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात जोशी आहे, कुणबी जोडपे आहे, पाद्री आहे आणि सगळ्यांना बोलते करणारा विदूषक आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले आणि छापले गेले ते थेट १९७९ साली. क्लार्कच्या कागदांसारखेच तेही बासनात राहिले. पुढे सत्यशोधकी आणि आंबेडकरी जलशांनी हीच रीत गावोगाव नेली. तिथे भट बोले, सावकार बोले आणि त्यांना भर सभेत उत्तर मिळे.

म्हणून एक सूचना करतो. २० मार्चला महाडचे पाणी आपण आठवतो, ते आठवलेच पाहिजे. पण त्यानंतर दहा वर्षे चाललेला दावाही उभा करू. तळे खाजगी मालकीचे आहे आणि अस्पृश्यांना मनाई ही अनादी वहिवाट आहे, असा विरोधकांचा दावा होता. मालमत्ता आणि परंपरा, ही आयर्टनचीच दोन शस्त्रे. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने तो दावा फेटाळला. दोन टेबले, काही खुर्च्या आणि चार तयारीचे विद्यार्थी एवढ्यावर हा प्रयोग कोणत्याही समाजमंदिरात होईल. कोट शिवायची गरज नाही. विरोधकाचे काम मात्र आपल्यातल्या सर्वांत चांगल्या वक्त्याला द्या, आणि त्याला हरवण्याची तयारी बाकीच्यांनी वर्षभर करावी.