लोखंडाचा जीर्णोद्धार

दिल्लीत नोकरीनिमित्त येऊन राहिलेल्या मराठी माणसाचा इतिहासाशी संबंध येतो तो बहुधा तलवारीच्या अंगाने. सवड मिळाली की तो पानिपतला जाऊन येतो. तालकटोऱ्याकडे फिरावयास गेला, तर १७३७ साली बाजीरावाच्या फौजा येथवर येऊन थडकल्या होत्या, हे मुलांना अभिमानाने सांगतो. यात वावगे काहीच नाही. परंतु इतिहास एकट्या तलवारीने घडत नाही. तो नांगराने घडतो, चाकाने घडतो, वाफेने आणि तेलानेही घडतो. आणि तलवारीला संग्रहालयात जो मान मिळतो तो नांगराला क्वचितच मिळतो. जुनी यंत्रे शोधून काढावी, ती पुन्हा चालती करावी, हा छंद पुष्कळांना पोरखेळ वाटतो. त्या छंदामागे इतिहासाचा एक गंभीर प्रश्न दडलेला आहे, तो या लेखात मांडावयाचा आहे.

त्यासाठी दूर जावयास नको. सरोजिनी नगर, म्हणजे जुन्या सरकारी कागदांतले विनय नगर, ही मूळची सरकारी नोकरांची वसाहत. तेथून जवळच, चाणक्यपुरीत, राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. १९७१ साली त्याची कोनशिला बसली आणि १ फेब्रुवारी १९७७ रोजी ते लोकांना खुले झाले. त्या आवारात पतियाळा संस्थानच्या एकरुळी गाडीचे एंजिन पाहावयास मिळते. १९०७ साली सुरू झालेल्या या गाडीची रचना विलक्षण होती. रस्त्याच्या कडेला एकच रूळ. बहुतेक सारा भार त्या रुळावर, आणि तोल सांभाळण्यापुरते एक मोठे चाक रस्त्यावरून चालावयाचे. कर्नल बोल्स या अभियंत्याच्या देखरेखीखाली ती उभी राहिली. आरंभी संस्थानची खेचरे ती ओढीत. पुढे बर्लिनच्या ओरेन्स्टाइन आणि कोपेल या कारखान्याची चार एंजिने आली. १९२७ साली, मोटारींच्या स्पर्धेपुढे टिकाव न लागून, ती बंद पडली. यानंतरची पस्तीस वर्षे त्या एंजिनांचे अवशेष पतियाळ्यात गंजत पडून होते.

१९६२ साली ते सापडले, तेही कोणा खात्याला नव्हे. माइक सॅटो नावाचे एक इंग्रज गृहस्थ हिंदुस्थानातील एका मोठ्या रासायनिक कंपनीत अधिकारी होते. आगगाड्या हा त्यांचा केवळ छंद. या छंदापायी त्यांनी तो ठेवा हुडकून काढला, आणि पुढे रेल्वेच्या अमृतसर येथील कारखान्यातील कारागिरांनी एक एंजिन पुन्हा चालते केले. त्याच आवारात आपल्या माथेरानच्या छोट्या गाडीचे ७३८ क्रमांकाचे एंजिनही आहे. तेही त्याच कारखान्याचे, आणि नेरळ-माथेरान मार्गही १९०७ चाच. एकाच घराण्यातील दोन भावंडांनी, एकाने सह्याद्रीच्या वळणांवर आणि दुसऱ्याने पंजाबच्या सपाटीवर आयुष्य घालवून, म्हातारपणी दिल्लीत एकत्र यावे, असा हा योग आहे.

रेल्वेचे खाते मोठे, तिची जागा मोठी, म्हणून तिच्या एंजिनांची सोय झाली. शेतातल्या यंत्राचे काय? परदेशात त्याची काळजी घरोघरचे हौशी लोक वाहतात. अमेरिकेत व इंग्लंडात बागेत चालविण्याचे छोटे ट्रॅक्टर जुने झाले की ते विकत घ्यावयाचे, परसातल्या छपरात नट-बोल्टपर्यंत सुटे करावयाचे आणि पुन्हा जुळवावयाचे, हा हजारोंचा विरंगुळा आहे. यंत्र लहान, किंमत बेताची, आणि एकट्या माणसाच्या हातांना पेलेल असे. मोठ्या ट्रॅक्टरच्या बाबतीत ही सोय नाही. या यंत्राचा जन्मच मुळी हौशी माणसाच्या हातून झाला. वेस्ट व्हर्जिनियातील बेंजामिन ग्रेव्हली हा छायाचित्राचा व्यवसाय करणारा गृहस्थ. त्याने हाताने ढकलावयाच्या नांगराला मोटरसायकलचे एंजिन जोडले आणि १९१६ साली त्याचे पेटंट मिळविले. दुसऱ्या महायुद्धानंतर असे ट्रॅक्टर बांधणारे कारखाने अमेरिकेत भराभर निघाले. १९४६ साली सुरू झालेला ‘व्हील हॉर्स’ त्यांपैकीच. १९६१ मध्ये ‘कब कॅडेट’ आणि १९६३ मध्ये ‘जॉन डीअर ११०’ बाजारात आले, आणि आज त्यांचीच जपणूक चालते.

या हौशी मंडळींत दोन पंथ आहेत. एक म्हणतो, यंत्र कारखान्यातून निघाले तसेच दिसले पाहिजे. रंगाची छटाही बदलता कामा नये. दुसरा म्हणतो, सांगाडा जुना असू द्या, त्यात मोठे एंजिन बसवा, चाके बदला, शर्यतीत उतरवा. हा वाद आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. जुन्या देवळाच्या बाबतीत आपण तो पिढ्यानुपिढ्या घालीत आलो आहोत. पूजा चालू असलेल्या देवळाचा आपण जीर्णोद्धार करतो. मोडका खांब काढून नवा घालतो, कळस चढवितो. पूजा थांबलेले देऊळ पुराणवस्तू खात्याच्या ताब्यात जाते आणि तेथे दगड हलविण्यास मनाई होते. दोन्ही प्रकार आपापल्या जागी योग्य आहेत. मात्र एकाचा नियम दुसऱ्याला लावला की घोटाळा होतो.

आपल्या देशात ट्रॅक्टर आला तोच मुळी जीर्णोद्धाराच्या वाटेने. नव्या दिल्लीच्या बंगल्यांतील हिरवळ कापण्याचे यंत्र बैल ओढीत असत, त्या काळची ही गोष्ट. महायुद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याने मागे टाकलेली यंत्रे सरकारच्या हाती आली, आणि १९४७ साली केंद्रीय ट्रॅक्टर संघटना स्थापन झाली. धावपट्ट्या व रस्ते करण्यासाठी आलेले हे लोखंडी हत्ती दुरुस्त करून त्यांना शेतीच्या कामाला जुंपण्यात आले. शत्रू होता कांस नावाचे गवत. आपल्याकडच्या हरळी-कुंद्याचा चिवटपणा ज्याने अनुभवला आहे, त्याला या गवताची कल्पना येईल. माळवा, बुंदेलखंड, भोपाळ या भागांतील लक्षावधी एकर काळी जमीन त्याने गिळली होती. त्याची मुळे इतकी खोल जातात की बैलांचा नांगर त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. वरवर नांगरले तर ते उलट जोमाने फुटते. त्यावर उपाय एकच: भर उन्हाळ्यात पट्ट्याच्या चाकांच्या अवजड ट्रॅक्टरने खोल नांगरट करावयाची आणि उलथून पडलेली मुळे उन्हात वाळू द्यावयाची. या कामासाठी सप्टेंबर १९४९ मध्ये जागतिक बँकेने हिंदुस्थानला १ कोटी डॉलरचे कर्ज दिले. रेल्वेनंतर त्या बँकेकडून आपल्याला मिळालेले हे दुसरेच कर्ज होते, यावरून त्या गवताचे महत्त्व ध्यानात यावे! पुढे १९५५ मध्ये नर्मदेकाठी बुधनी येथे ट्रॅक्टरचे शिक्षण देणारे केंद्र निघाले.

१९५१ साली साऱ्या देशात ट्रॅक्टर होते सुमारे साडेआठ हजार, आणि तेही परदेशी बनावटीचे. सुटा भाग मोडला तर तो समुद्रापलीकडून यावयाचा. तेव्हा गावच्या लोहाराने आणि तालुक्याच्या मिस्त्रीने मिळेल त्या लोखंडातून भाग घडविला व यंत्र चालू ठेवले. ज्या समाजात लक्ष्मणराव किर्लोस्करांना आपला पहिला लोखंडी नांगर विकण्यास दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, त्याच समाजाने अर्ध्या शतकात परक्या लोखंडाला असे आपलेसे केले. १९५९ साली दिल्लीशेजारच्या फरीदाबादेत आयशर कंपनीचा, भारतात बांधलेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. पुढे एचएमटीने चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या साहाय्याने पिंजोरला कारखाना काढला. २०१६ मध्ये तो बंद करण्याचा निर्णय झाला. परंतु त्याचा ५९११ हा ट्रॅक्टर पंजाब-हरियाणातील तरुण आजही शोधून घेतात, सजवितात, त्याची ताकद वाढवितात आणि दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून ओढण्याच्या शर्यतीत उतरवितात. या हौसेला जीवघेणे वळणही लागले. २०२३ साली अशाच कसरतीत एका तरुणाचा मृत्यू झाला, तेव्हा पंजाब सरकारने ट्रॅक्टरवरील कसरतींवर बंदी घातली.

आता कायद्याकडे पाहावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी वेगळे नियम केले: पन्नास वर्षांहून जुने, मूळ स्वरूपात राखलेले, मोठा फेरफार न झालेले असे वाहन असेल, तर त्याची खास नोंदणी होते. ही सोय दुचाकींना व मोटारींना आहे, ट्रॅक्टरला नाही. दुसरीकडे, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१५ मध्ये राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरील डिझेल वाहनांना बंदी केली व २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. ती ट्रॅक्टरला लावावी की नाही, यावर शेजारच्या राज्यांत बराच वाद माजला. २०२५ साली हा विषय पुन्हा न्यायालयापुढे येऊन आदेशात फेरबदल झाले. दिल्लीच्या हवेचे हाल जो हिवाळ्यात श्वासागणिक भोगतो, तो या बंदीमागील हेतूला नावे ठेवणार नाही. जुन्या एंजिनाचा धूर विषारीच असतो.

तथापि रस्त्यावरून दूर करणे आणि जगातून नाहीसे करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपण कचेरीतली माणसे निर्लेखनाची टिपणे रोज पाहतो. वस्तूचे वय भरले, साठ्याच्या नोंदवहीत तांबडी रेघ पडली, लिलाव झाला, फाइल बंद. त्या फाइलीत यंत्राची किंमत असते. त्याची कहाणी नसते. पतियाळ्याच्या एंजिनांवरही अशीच तांबडी रेघ पडलेली होती, आणि एका छंदिष्ट माणसाने ती मानली नाही म्हणून आज आपण ते एंजिन पाहतो.

ट्रॅक्टरच्या बाबतीत हा विचार आणखी एक पाऊल पुढे नेला पाहिजे. ‘मूळ स्वरूप’ ही कसोटी श्रीमंताच्या मोटारीला शोभते. ती वर्षातून एकदा मिरवणुकीत निघते. आपल्याकडचा जुना ट्रॅक्टर मात्र पूजा चालू असलेल्या देवळासारखा आहे. त्याचा दट्ट्या एका कारखान्याचा, पंप दुसऱ्याचा, आसन सुताराने केलेले आणि मडगार्ड लोहाराने ठोकलेले. हे सारे काढून टाकून त्याला कारखान्याच्या जाहिरातीतील चित्रासारखा चकचकीत केला, तर परदेशी कारखान्याचा इतिहास राखला जाईल आणि आपल्या मिस्त्रीचा पुसला जाईल. तेव्हा अशा यंत्राचे जतन करताना फेरफार दोष म्हणून खरवडून न काढता ते पुरावा म्हणून नोंदविले पाहिजेत: कोणता भाग केव्हा बदलला, कोणी घडविला, का घडविला. कांसाने गिळलेली जमीन सोडविणाऱ्या त्या पहिल्या अवजड ट्रॅक्टरांवरही अशी कितीतरी ठिगळे असतील. ज्यांनी ती लावली त्यांची नावे कोणत्याच राजपत्रात छापून आली नाहीत.

सरोजिनी नगरची जुनी घरे पाडून तेथे उंच इमारती उठविण्याचे काम अलीकडे झपाट्याने चालले आहे. त्या घरांत राहून ज्यांनी नोकऱ्या केल्या, त्यांच्यापैकी कितीकांच्या टेबलांवरून शेतीच्या, यंत्रांच्या आणि कर्जाच्या फाइली गेल्या असतील. घरे जातात, खाती विलीन होतात. लोखंड मात्र, कोणी भट्टीत घातले नाही तर, बराच काळ वाट पाहते. आपल्या गावी, वाड्याच्या मागे किंवा सहकारी संस्थेच्या आवारात, बाभळीखाली असा एखादा ट्रॅक्टर रुतून बसलेला असेल. पुढच्या रजेत तो भंगारवाल्याच्या काट्यावर चढण्यापूर्वी त्यावरील पत्र्याची पट्टी पुसून क्रमांक तरी उतरून घ्यावा, आणि तो ज्याने चालविला व दुरुस्त केला, तो म्हातारा हयात असेल तर त्याच्याजवळ घटकाभर बसावे.