महाराष्ट्रातील चित्रपट परिनिरीक्षण

चित्रपट परिनिरीक्षण (प्रचलित शब्द: सेन्सॉरशिप) म्हणजे सार्वजनिक प्रदर्शनापूर्वी चित्रपटाची शासकीय तपासणी करून त्यास मान्यता देणे, काही भाग वगळण्यास सांगणे किंवा मान्यता नाकारणे होय. भारतीय चित्रपटसृष्टीचा आरंभ मुंबईत झाल्यामुळे या विषयातील अनेक महत्त्वाची प्रकरणे महाराष्ट्राशी निगडित आहेत.

ब्रिटिश काळ

१९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार १९२० मध्ये मुंबई, कलकत्ता, मद्रास व रंगून येथे परिनिरीक्षण मंडळे स्थापन झाली. मुंबईच्या कोहिनूर फिल्म कंपनीच्या 'भक्त विदुर' (१९२१) या मूकपटातील विदुराचा खादीचा वेश व टोपी महात्मा गांधींची आठवण करून देत असे. या चित्रपटावर मद्रास व कराची येथे बंदी घालण्यात आली.

प्रभात फिल्म कंपनीने शिवाजी महाराजांच्या जीवनावर काढलेल्या 'स्वराज्याचे तोरण' या मूकपटाच्या नावातील 'स्वराज्य' हा शब्द मंडळास आक्षेपार्ह वाटला. ध्वजारोहणाच्या दृश्यासही कात्री लागली आणि चित्रपट 'उदयकाल' (१९३०) या नावाने प्रदर्शित झाला. याच संस्थेने मराठवाड्यातील पैठणचे संत एकनाथ यांच्या चरित्रावर 'महात्मा' हा बोलपट काढला. त्यात बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली होती. अस्पृश्यतेला विरोध हा विषय आणि गांधींची उपाधी असलेले नाव यांमुळे वाद उद्भवला व चित्रपटाचे नाव 'धर्मात्मा' (१९३५) करावे लागले.

स्वातंत्र्योत्तर काळ

सध्याची व्यवस्था सिनेमॅटोग्राफ अधिनियम, १९५२ वर आधारित आहे. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे मुख्यालय मुंबईत आहे. देशाचे सार्वभौमत्व व सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता व नीतिमत्ता, बदनामी, न्यायालयाचा अवमान आणि गुन्ह्यास चिथावणी या कारणांवरून प्रमाणपत्र नाकारता येते. २०२३ च्या दुरुस्तीने 'यूए' वर्गाचे ७, १३ व १६ वर्षे असे वयानुसार उपवर्ग करण्यात आले.

प्रमाणपत्र नाकारणे आणि बंदी यांत फरक आहे. प्रमाणित चित्रपटाचे प्रदर्शनही शांतताभंगाच्या शक्यतेमुळे राज्यशासन किंवा जिल्हादंडाधिकारी स्थगित करू शकतात.

न्यायालयीन निर्णय

मुंबईसह चार महानगरांतील विषमता दाखवणाऱ्या ख्वाजा अहमद अब्बास यांच्या अनुबोधपटाच्या प्रकरणात (१९७०) सर्वोच्च न्यायालयाने पूर्वपरिनिरीक्षण घटनात्मक ठरवले. चित्रपटाचा भावनांवरील परिणाम अन्य कलांपेक्षा तीव्र असतो, हे त्यामागील एक कारण होते. मात्र एस. रंगराजन प्रकरणात (१९८९) निदर्शने किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्तीस्वातंत्र्य दडपता येणार नाही, असे त्याच न्यायालयाने स्पष्ट केले.

१९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरील 'ब्लॅक फ्रायडे' चे प्रदर्शन खटल्याच्या निकालावर परिणाम होईल या कारणास्तव मुंबई उच्च न्यायालयाने रोखले होते. तो २००७ मध्ये प्रदर्शित झाला. २०१६ मध्ये याच न्यायालयाने 'उडता पंजाब' मधील केवळ एक दृश्य वगळून प्रमाणपत्र देण्याचा आदेश दिला. चित्रपट प्रमाणन अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये रद्द झाल्यापासून मंडळाच्या निर्णयाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागावी लागते. त्यामुळे अल्प भांडवलाच्या निर्मात्यांसाठी हा मार्ग अधिक खर्चिक झाल्याची टीका होते.