पंचहौदाचा चहा

धर्माज्ञा पाळणारा तो परतंत्र आणि मोडणारा तो स्वतंत्र, अशी सोपी वाटणी आपल्या सुशिक्षित वर्गात पुष्कळ वर्षे रूढ आहे. आम्हांस ती मान्य नाही. स्वसंतोषाने एकादशी करणारी आजी आणि मित्रांच्या थट्टेस भिऊन त्याच दिवशी भरपेट जेवणारा नातू, या दोघांत स्वतंत्र कोण? आज्ञा पाळली की मोडली, यापेक्षा ती कोणाच्या भयाने पाळली अथवा मोडली, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय. पुण्यातील एका जुन्या ग्रामण्यावरून तो चांगला उलगडतो.

१८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी निमंत्रणावरून जमली होती. यजमानांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हाती घेऊन यजमानाचा मान राखला. मंडळींत रानडे, टिळक व गोखले होते. गोपाळ विनायक जोशी यांनी उपस्थितांची नावे 'पुणेवैभव' पत्रात प्रसिद्ध केली आणि शहरात एकच गिल्ला झाला. फिर्याद शंकराचार्यांकडे गेली, चौकशीसाठी शास्त्र्यांची नेमणूक झाली आणि दोषी ठरलेल्यांस प्रायश्चित्त सांगण्यात आले.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, ही आज्ञा मोडणाऱ्यास सरकारी शिक्षेचे भय मुळीच नव्हते. उलट, १८५० च्या एकविसाव्या कायद्याने जातिबहिष्कृताचा वारसाहक्क सुरक्षित केला होता. परंतु श्राद्धास भिक्षुक न मिळणे, पंक्तीस मज्जाव होणे, मुलीची सोयरीक अडणे, यांवर त्या कायद्याचा काही उपाय नव्हता. शिवाय चहा प्याले पुरुष. त्याचा जाच मात्र घरातील वृद्धांस, स्त्रियांस व मुलांस. ज्या आज्ञेचा दंड अपराध्याऐवजी त्याच्या आप्तांकडून वसूल होतो, तिच्या पालनास श्रद्धा म्हणावयाचे की जुलूम?

टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुष्कळ काळ मानले नाही. अखेर १८९२ साली त्यांनीही प्रायश्चित्त घेतले. सुधारकांस हा मोठा धक्का होता. रमाबाई रानडे यांच्या १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत हा प्रसंग आला आहे. स्नेह्यांच्या घरची अडचण दूर व्हावी, हा रानड्यांचा हेतू होता. स्वतः रानडे प्रार्थनासमाजाचे आधारस्तंभ. चहाच्या एका पेल्याने आपला ईश्वर दुरावला, असे त्यांस वाटणे शक्यच नव्हते.

मग रानडे त्या दिवशी परतंत्र झाले काय? आमच्या मते नाही. बहिष्कार सोसण्याची तयारी असलेला पुरुष मित्रांच्या दुःखाकडे पाहून नमतो, तेव्हा तो आपल्याच इच्छेने नमतो. तथापि दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रानड्यांसारखा पुरुष नमला, तेव्हा ज्यांच्या अंगी तितके बळ नव्हते अशा शेकडो लहान माणसांची वाट अधिकच अरुंद झाली. त्यांच्या कृतीतील करुणा आम्ही वंदनीय मानतो. तिचा परिणाम मात्र इष्ट झाला, असे आम्हांस म्हणवत नाही.

हा प्रश्न त्या पिढीबरोबर संपला नाही. मुंबई राज्याने १९४९ साली बहिष्कारबंदीचा कायदा केला. धर्मसंप्रदायास आपला धार्मिक कारभार पाहण्याचा अधिकार आहे, या कारणास्तव सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली तो रद्द ठरविला. पुढे २०१६ साली महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा संमत केला. म्हणजे संप्रदायाचे स्वातंत्र्य आणि त्यातील एकेका माणसाचे स्वातंत्र्य, यांचा झगडा चहाच्या पेल्यानंतर सव्वाशे वर्षांनीही चालूच होता.

आमचे म्हणणे इतकेच की, व्रत घेण्याची मोकळीक आणि व्रत सोडण्याची मोकळीक ही एकाच हक्काची दोन अंगे आहेत. जेथे सोडणाऱ्याच्या दाराशी भिक्षुक, आप्त व शेजारी फिरकेनासे होतात, तेथे पाळणाऱ्याची श्रद्धाही खरी की भयाची, हे कळण्यास मार्ग उरत नाही. धर्मावर ज्यांचे खरे प्रेम आहे, त्यांनी तरी ही मोकळीक राखावी; कारण तिच्यावाचून त्यांच्या स्वतःच्या निष्ठेचीही परीक्षा होत नाही.